टोपी येईपर्यंत हात मांडीवर ठेवू नका

अंगावरून वारं गेलेल्यांना, म्हणजे स्ट्रोकच्या रुग्णांना, घरी जाऊन व्यायाम देणं हे माझं काम. मालवण ते देवगड, किनाऱ्यालगतची गावं. गेल्या महिन्यात रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जन्म काढलेल्या एका काकांनी मला पाहूनही हात पुढे केला नाही. "टोपी येतली मगे ह्यो व्यायाम कित्याक?" मुंबईहून पुतण्याने मेसेज पाठवला होता: डोक्याला टोपी घातली की यंत्र मनातलं वाचतं, लुळा हात आपोआप चालतो, सहा महिने उलटले असतील तर व्यायाम फुकटच. सोबत व्हिडिओ. नंतर हाच मेसेज आणखी तीन घरांत दिसला, म्हणून लिहिते.

आधी व्हिडिओ. त्यातल्या बाई स्ट्रॉने कॉफी पितात तो प्रयोग खरा आहे, २०१२ साली जाहीर झालेला. पण बाटली उचलते तो रोबोटचा हात आहे. त्यांचा स्वतःचा हात तसाच निश्चल राहिला. शिवाय डोक्यावर टोपी नव्हती, शस्त्रक्रिया करून मेंदूत इलेक्ट्रोड बसवले होते. यंत्राने हाताचं काम करणं आणि हात सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेजने त्यांची सरमिसळ केली आहे.

"मनातलं वाचतं" हेही चूक. हात हलवायचा प्रयत्न केला की मेंदूतल्या हालचालीच्या भागावरची, सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी विद्युतलहर मंदावते. टोपी पकडते ती एवढीच खूण. माणूस प्रयत्न करतोय की स्वस्थ आहे, इतकंच तिला कळतं. प्रयत्नच नसेल तर तिला पकडायला काही उरत नाही.

आता व्यायाम. खरं नुकसान इथेच होतंय. २०१३ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्ट्रोक जुना झालेले ३२ रुग्ण, दोन गट. एका गटात रुग्णाने मनापासून प्रयत्न केला आणि ती लहर मंदावली की त्याच क्षणी हाताला बांधलेलं यंत्र हात हलवायचं. दुसऱ्या गटातही हात हलायचा, पण वाटेल तेव्हा, प्रयत्नाशी संबंध नसताना. पहिल्या गटाचे हात जास्त सुधारले. म्हणजे नुसतं हात हलण्याने भागत नाही. मेंदूने हाक दिली आणि हाताने लगेच ओ दिली, तर ती वाट पुन्हा रुळते. आणि मेसेजने गाळलेली गोष्ट: यंत्रानंतर दोन्ही गटांना फिजिओथेरपी होतीच. ती बंद करून कुणी काही सिद्ध केलेलं नाही. सहा महिन्यांची लक्ष्मणरेषाही याच प्रयोगाने पुसली. सुधारणा संथ होते, थांबत नाही.

अशी यंत्रं यावीत, आपल्या तालुक्यापर्यंत यावीत, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत २०२१ साली टोपीवर चालणाऱ्या एका यंत्राला मान्यता मिळाली, तीही व्यायामाच्या जोडीला.

काकांना हे सगळं सांगितलं. मग त्यांचे डोळे मिटायला लावून तळहातावर आधी शिंपला ठेवला, मग नारळाचं सोडण, मग जाळ्याचा दोर. शिंपला ओळखता आला नाही. दोराला मात्र बोटं किंचित आवळली. "ह्यो रापणीचो," ते म्हणाले. उद्या सकाळी परत जाणार आहे.