विग्रह करून दाखवा!

स्वीडनमध्ये राहायला येणाऱ्याला लोक थंडीसाठी लोकरीचे मोजे सुचवतात, नोव्हेंबरच्या अंधारासाठी ‘ड’ जीवनसत्त्व सुचवतात. ‘फोल्कबूकफोरिंग्सअद्रेस’साठी मात्र कोणीच काही सुचवत नाही. सरकारी अर्जांवर हमखास भेटणारा हा 20 रोमन अक्षरांचा अखंड स्वीडिश जोडशब्द म्हणजे लोकसंख्येच्या नोंदवहीतला आपला पत्ता. पत्ता लिहायला एक ओळ पुरते, पण तो कुठे लिहायचा हे वाचण्यातच दम लागतो.

शाळेत तत्पुरुष समासाचा विग्रह मी केवळ गुणांसाठी घोकला होता. त्याचा खरा उपयोग स्टॉकहोममध्ये होईल, असे आमच्या गुरुजींनाही वाटले नसेल. शेवटचे पद प्रधान हा नियम स्वीडिश जोडशब्दांनाही चालतो, कारण शब्दाचे लिंग आणि मूळ अर्थ शेवटचा घटकच ठरवतो. तेव्हा आधी शेपूट धरावे आणि मागे सरकत डोक्याकडे यावे. मध्ये डोकावणारा ‘स’ कधी सांधा दाखवतो, कधी दडी मारतो. वाइनच्या पेल्याला नुसते ‘वीनग्लास’ म्हणतात, पण रेड वाइनचा पेला ‘रोदवीन्सग्लास’ होतो. त्या ‘स’मुळे लाल रंग वाइनचा ठरतो, पेल्याचा नव्हे. एवढा सूक्ष्म विचार पहिल्या घोटाआधीच उरकलेला बरा.

खरी परीक्षा पुढेच आहे. काच म्हणजे ‘ग्लास’, रोमन लेखनात त्याच्या शेवटी एक ‘स’. आइस्क्रीम म्हणजे ‘ग्लस’, त्याला दोन. दोहोंपुढे ‘स्कोल’, म्हणजे वाडगा, जोडला की लेखनात फरकच उरत नाही, कारण तीन सारखी व्यंजने लागोपाठ आली की स्वीडिश माणूस त्यांतले एक गाळतो. त्यामुळे वाडगा काचेचा की आइस्क्रीमचा, हे संदर्भावर सोडावे लागते. गंमत अशी की ओळीच्या शेवटी शब्द सांध्यावर तोडला, तर गाळलेले व्यंजन परत हजर होते. च्युइंगमला म्हणतात ‘तुग्गुम्मी’. अखंड असताना त्यात दोन ‘ग’ असतात, पण ओळ संपली म्हणून मध्ये संयोगचिन्ह आले की तीन होतात.

चुकीच्या जागी तोडले तर माणसाची जातच बदलते. ‘बिलद्रुले’ तोडले ‘बील’नंतर, तर तो गाडी बेफाम हाकणारा धांदरट, ‘बिल्ड’नंतर तोडले, तर चित्रांची निरुपद्रवी गुंडाळी. बोलताना स्वराच्या ऱ्हस्व-दीर्घावरून फरक कळतो, कागदावर तेवढीही मदत नाही. ऱ्हस्व-दीर्घापायी मराठीत गुण गमावून इतक्या दूर आलेल्या माणसाने आणखी काय सोसावे?

मग वाटते, सगळेच शब्द सुटे लिहावेत. पण तेही पाप आहे आणि त्याला ‘सेर्स्क्रीवनिंग’ असे नावही आहे. ‘श्युकलिंगलेवेर’ जोडून लिहिले तर कोंबडीची कलेजी. मध्ये जागा सोडली तर ‘कोंबडी जिवंत आहे’ असे वाक्य. एका दुकानात डब्यावर हाताने लिहिलेली अशी चिठ्ठी पाहून मी कोंबडीला दीर्घायुष्य चिंतले आणि शेजारच्या फ्रीजमधून चीज उचलले.