‘पेशंटच पेशंटला सांभाळतात’ या मेसेजला उत्तर

अमेरिकेतल्या एका क्रायसिस सेंटरमध्ये, म्हणजे मानसिक संकटात सापडलेल्यांसाठीच्या तातडीच्या केंद्रात, मी पीअर सपोर्टचं काम करते: स्वतः मानसिक आजार अनुभवलेल्या माणसाने तशाच दुसऱ्याला साथ देणं. त्यामुळे हा फॉरवर्ड ‘हे बघ तुमचं’ म्हणून मला हमखास पाठवला जातो. त्यात म्हटलंय: ‘खर्च वाचवायला तिकडे डॉक्टर काढले आणि बरे झालेले मनोरुग्ण नेमले. त्यांना ना शिक्षण, ना अनुभव. ते गोळ्या सोडायला सांगतात, स्वतःच पुन्हा आजारी पडतात आणि उपयोग शून्य. हे खूळ आपल्याकडे नको.’

‘डॉक्टर काढले.’ धोका किती, औषध कोणतं, दाखल करायचं का, हे आजही मनोविकारतज्ज्ञ आणि नर्सच ठरवतात. माझं काम त्याआधीचं आणि मधल्या वेळातलं. पोलिसांनी आणलेला माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून वैतागलेला. मी पाणी देते, शेजारी बसते, मोबाइल का काढून घेतला, आता काय तपासतील, डॉक्टर काय विचारतील ते सांगते. ‘मीही अशाच खोलीत होते’ हे वाक्य त्याला ऐकायचं असेल तरच. माझी कहाणी लांबली की समजावं, मी स्वतःसाठी बोलतेय. आणि एक गोष्ट त्याला सुरुवातीलाच सांगते: जिवाला धोका असेल असं काही बोललास, तर ते मी टीमपासून लपवणार नाही.

‘शिक्षण नाही.’ वैद्यकीय शिक्षण नाही, बरोबर. पण रस्त्यावरून उचलून कुणी नेमत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने 1999 मध्ये मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पैशातून ही सेवा द्यायला सुरुवात केली. 2007 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून अटी घातल्या: प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, तज्ज्ञाची देखरेख, उपचारांच्या आराखड्याशी सांगड. 2023 च्या राष्ट्रीय नमुना निकषांत 40 ते 60 तासांचं प्रशिक्षण आणि 120 तासांचा देखरेखीखालचा अनुभव सुचवला आहे. राहिला आजाराचा अनुभव. तो तर या नोकरीची पात्रताच आहे.

‘गोळ्या सोडायला सांगतात.’ औषध घ्या किंवा सोडा, दोन्ही सांगणं आमच्या कामात बसत नाही. गोळीने हात थरथरतात असं कुणी म्हणालं, तर ते डॉक्टरांसमोर कसं मांडायचं याची तयारी मात्र मी करून घेते. अनेकांची तिथे जीभच उचलत नाही.

‘स्वतःच आजारी पडतात.’ कधी पडतात. तेव्हा रजा घेतात, नर्स घेते तशी.

‘उपयोग शून्य.’ इथे जरा थांबायला हवं, कारण आमच्या बाजूचे लोकही फुगवून बोलतात. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) 11 चाचण्या आणि 2796 माणसं होती. निष्कर्ष असा, की या कामात आजार अनुभवलेल्या कर्मचाऱ्यांमुळे येणारे परिणाम व्यावसायिकांपेक्षा बरेही नव्हते, वाईटही नव्हते. तातडीच्या सेवांचा वापर किंचित कमी झाला. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडची 441 जणांची चाचणी आली. क्रायसिस टीमच्या देखरेखीतून बाहेर पडलेल्या एका गटाला बरं होण्यासाठीची स्वमदत वही आणि ती भरायला पीअर कार्यकर्त्यासोबत दहापर्यंत बैठका देऊ केल्या, दुसऱ्याला तीच वही नुसती टपालाने पाठवली. वर्षभरात पहिल्या गटातले 29 टक्के पुन्हा तातडीच्या सेवेत आले, दुसऱ्यातले 38 टक्के. पण 2022 मध्ये 590 जणांची आणखी एक इंग्लिश चाचणी आली. त्यात वॉर्डातून घरी जाणाऱ्यांना समोरासमोरची साथ देऊनही पुन्हा दाखल होणं कमी झालं नाही. म्हणजे काय करतो, कुणासोबत, कधी, यावर फरक पडतो. शून्य मात्र नाही.

‘हे खूळ आपल्याकडे नको.’ पुण्याच्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसं कितीतरी वर्षं कर्मचारी म्हणून काम करताहेत. तो प्रश्न व्यसनाचा, मान्य. पण गुजरातच्या सरकारी मनोरुग्णालयांतही 2014 पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या क्वालिटीराइट्स प्रकल्पात (सेवेचा दर्जा आणि रुग्णांचे हक्क सुधारण्यासाठीच्या) पीअर सपोर्ट होता, आणि त्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र सहभागी होतं.

‘खर्च वाचवायला.’ मेसेजमध्ये अर्धं खरं आहे ते इथे. आमचा पगार टीममध्ये सगळ्यात खाली असतो. माणसं कमी पडली की ‘तुम्हीच जरा नजर ठेवा’ म्हणून नर्सचं काम आमच्यावर ढकललं जातं आणि वर त्याला सक्षमीकरण म्हटलं जातं. मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर एवढा मुद्दा ठेवा, बाकीचे काढून टाका.