मन मोकळं असलं की झालं?

डिस्टोपियन, म्हणजे कल्पित जुलमी समाजाचं चित्र रंगवणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल एक मत जिकडेतिकडे फिरतंय. या कथांचा खरा विषय विचारस्वातंत्र्य, शरीरावरचे अत्याचार हा नुसता मसाला, तोही अतिरंजित. माणसाची ओळख मनात असते, तिला कुणी हात लावू शकत नाही. आणि जी पात्रं पळून जात नाहीत, त्यांनी आपलं नशीब मान्यच केलेलं असतं. मला यातलं एकही विधान पटत नाही.

आधी मनाचं बघू. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मधला, हुकूमशाहीत जगणारा विन्स्टन नेमकं हेच धरून चालतो, की कवटीच्या आतली इवलीशी जागा तरी आपली आहे. त्याची प्रेयसी ज्युलियाही म्हणते, सत्तेतले लोक काहीही वदवून घेतील, पण आत शिरू शकणार नाहीत. पुढे तो पकडला जातो, आणि मग मारहाण, उपासमार, वेदना देणारं यंत्र. छळ करणारा अधिकारी ओब्रायन त्याच्याशी वादही भरपूर घालतो, पण विन्स्टनचं प्रेम युक्तिवादाने तुटत नाही. खोली क्रमांक १०१ मध्ये उंदरांचा पिंजरा चेहऱ्याजवळ येतो आणि तो ओरडतो, हे माझ्याऐवजी ज्युलियाला करा! मन सुरक्षित असल्याचा दावा कादंबरीने स्वतःच उभा केला आणि स्वतःच पाडला. त्यातला पहिला अर्धा भाग उचलून त्याचं सुभाषित करणं हा लेखकावर अन्याय आहे.

अतिरंजित म्हणाल, तर मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी सांगितलंय की 'द हँडमेड्स टेल' या, बायकांना सक्तीने मुलं जन्माला घालायला लावणाऱ्या राजवटीच्या कादंबरीत माणसांनी कुठे ना कुठे आधीच केलेलं नाही असं काहीही घेतलेलं नाही. रोमानियात १९६६ च्या फर्मानाने गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. पुढे कामाच्या ठिकाणीच बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या होऊ लागल्या, गर्भ लपून राहू नये म्हणून. १९८९ मध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली तेव्हा कुठे ती बंदी उठली.

आता 'मान्य केलं' हा आरोप. तो सगळ्यात जास्त होतो काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' या कादंबरीतल्या मुलांवर, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तोही हाच. ही मुलं अवयव काढून घेण्यासाठीच जन्माला घातलेली. शाळेत त्यांची जवळजवळ दर आठवड्याला वैद्यकीय तपासणी होते, सिगारेटला सक्त मनाई. वरवर माया वाटते, पण जपणूक चाललेली असते ती अवयवांची. सत्य त्यांना इतकं थोडंथोडं आणि इतक्या लवकर सांगितलं जातं, की धक्का बसायला जागाच उरत नाही. त्यांची चित्रं गोळा केली जातात, त्यांनाही आत्मा आहे हे जगाला दाखवण्यासाठी. म्हणजे मन आहे हे तिथे काहींनी ओळखलेलंच असतं! तरी त्यांच्यातल्या टॉमीची अवयव काढण्याची चौथी शस्त्रक्रिया टळत नाही आणि तीत तो मरतो. याला संमती म्हणायचं असेल, तर नाही म्हणायची सोय या मुलांना कुणी आणि केव्हा दिली होती, ते आधी दाखवा.