मुळावर उठलेली फरशी

आमच्या साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. त्या दिवशी रसिक मंडळी मान वर करून लाल छत्राकडे पाहतात आणि धन्य होतात. मी मात्र गेली काही वर्षे गुलमोहराकडे मान खाली घालूनच पाहत आलो आहे, कारण आमच्या अंगणातील गुलमोहराचे सारे कर्तृत्व शहाबादी फरशीच्या पातळीवर चालते.

वडिलांनी पायरीपासून जेमतेम दहा फुटांवर ते रोप लावले, तेव्हा ते काडीएवढे होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण त्याच्या मूळ गावी, म्हणजे मादागास्करात, देत नसावेत. पहिली फरशी उचलली गेली ती आडवी काडेपेटी सरकेल इतकीच. पुढच्या उन्हाळ्यात उभी काडेपेटी सरकू लागली. तिसऱ्या वर्षी तिच्याखाली मुलाचा रबरी चेंडू गेला आणि तो काढायला मी पालथा पडलो, तेव्हा मला मनगटाएवढे जाड, करड्या सालीचे मूळ दिसले. जिथे सिमेंट आडवे आले होते, तिथे त्याने हट्टी मुलाने ओठ काढावा तशी साल बाहेर काढून सिमेंटची कडाच गिळायला घेतली होती. एव्हाना घरातील प्रत्येकाला ठेच लागून झाली होती, आणि सिलिंडर आणणारा मुलगा फाटकातूनच बजावू लागला होता, "काका, मुळीपर्यंत आणतो, पुढे तुम्ही न्या."

शेवटी गवंड्याला बोलावले. त्याने पहार टेकवली, मूळ न्याहाळले आणि म्हणाला, "दहा मिनिटांचं काम." मी घमेले आणायला वळलो, तोच कृषी खात्यातून निवृत्त झालेले शेजारी कुंपणाशी प्रकटले. बुंध्यालगतचे जाड मूळ तोडल्यास वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात झाड आमच्या स्लॅबवर निजायला येईल, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितले की मला त्याची उशीसुद्धा दिसू लागली. शिवाय नागरी भागातील झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणे म्हणजे नुसते आडवे करणे नव्हे, त्याला इजा करणेही आले. गवंड्याने पहार भिंतीला टेकवून विडी पेटवली.

मग मुळावर चार घमेली माती लोटून प्रकरण दडपण्याचा बेत मी मांडला. "मुळांनाही हवा लागते हो. भर घातलीत तर गुदमरतील, नाहीतर त्या भरीतूनच वर येतील," शेजारी म्हणाले. झाडाची बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. त्यात आमची जमीन स्कूटर लावून लावून दगडासारखी झालेली, आणि वरचे दोन बोटे थर तेवढे रोज ओले. म्हणजे खाली उपास आणि वर पंगत! ती पंगत कोण वाढते, याचा शोध सुरू होताच सर्वांच्या नजरा आईच्या बादलीकडे वळल्या. तीस वर्षे ती न चुकता अंगणात सडा घालत आली होती. "मग रांगोळी काय धुळीत काढू?" एवढेच ती म्हणाली, आणि चौकशी समिती तिथेच बरखास्त झाली.

अखेर माघार आम्हीच घेतली. उठलेल्या फरश्या काढल्या, मुळांवर बुंधा मोकळा ठेवून तीन बोटे पालापाचोळा पसरला, आणि पाणी आठवड्यातून एकदाच, पण बुंध्यापासून लांब आणि खोलवर मुरेल असे द्यायचे ठरवले. वाट झाडाला वळसा घालून नेली; तिच्या फरश्या सिमेंटऐवजी वाळूत बसवल्या, म्हणजे फुगल्या की उचलून पुन्हा बसवता येतील. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाची निम्मी प्रदक्षिणा आपोआप होते. "फुगली की फोन करा," असे सांगून गवंडी गेला, आणि जाताना त्याने झाडाकडे कायमच्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर आई बादली घेऊन नव्या वळणावर उभी होती. सडा घालून झाला होता. रांगोळीसाठी तिने फरशीही निवडली होती, बरोबर मुळाच्या रोखाने असलेली.