‘सुखाचं बटण’ सापडलं होतं का?

‘१९५४ साली शास्त्रज्ञांना मेंदूतलं सुखाचं बटण सापडलं, ते माणसांत बसवलं आणि माणसं कायमची सुखी झाली,’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातला फक्त सुरुवातीचा भाग खरा, तोही अर्धवट.

जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांच्या मेंदूत तार बसवली. दांडी दाबली की त्या तारेतून मेंदूला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहिले, एवढंच दिसलं. उंदीर सुखी होते, हा अर्थ आपण लावलेला! मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी पुढे दाखवलं, की डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी आहे. आवडणं ही वेगळी गोष्ट.

माणसांवरचे प्रयोग न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी केले. १९७२च्या शोधनिबंधातला ‘बी-१९’ (हे त्याचं सांकेतिक नाव) हा २४ वर्षांचा समलिंगी तरुण. त्याच्याही मेंदूत तारा बसवल्या होत्या, आणि त्यांतून वीज सोडणारं बटण त्याने एका बैठकीत सुमारे १५०० वेळा दाबलं. पण हेतू त्याला सुखी करण्याचा नव्हताच, त्याची लैंगिकता ‘बदलण्याचा’ होता. म्हणजे जो आजार नाही, त्यावर इलाज! मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय. या प्रयोगावर नैतिकतेच्या मुद्द्यावरून कडक टीका झाली, आणि ती रास्तच होती.