मिकासा युद्धनौका: फिरणारा मजकूर आणि खरा इतिहास

मिकासा या जपानी युद्धनौकेबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नौका संपूर्ण स्वदेशी बनावटीची होती, रशिया-जपान युद्धातल्या (१९०४-०५) त्सुशिमाच्या समुद्री लढाईत १९०५ मध्ये रशियन गोळ्यांनी तिला ओरखडाही आला नाही, पुढे रशियन पाणसुरुंगाने ती बुडाली, आणि जपानमधल्या योकोसुका बंदराला आज दिसते ती निव्वळ प्रतिकृती. यातलं एकही विधान खरं नाही.

आधी ‘स्वदेशी’. मिकासा बांधली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसला, व्हिकर्सच्या गोदीत. काम १८९९ साली सुरू झालं, १९०० मध्ये जलावतरण झालं आणि मार्च १९०२ मध्ये नौका तयार झाली. आराखडा ब्रिटिश आरमाराच्या तेव्हाच्या युद्धनौकांवरूनच बेतलेला, चार १२ इंची तोफा आर्मस्ट्राँगच्या. रशियाशी युद्ध सुरू झालं तेव्हा जपानकडे असलेल्या सहाही आधुनिक बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या, जाड चिलखताच्या युद्धनौका) ब्रिटनमध्ये बांधलेल्या होत्या, आणि त्या उभारणीचा मोठा खर्च चीन-जपान युद्ध संपवणाऱ्या १८९५ च्या तहानंतर चीनकडून मिळालेल्या युद्धखंडणीतून निघाला. जपानने स्वतःच्या गोदीत बांधलेली पहिली बॅटलशिप सात्सुमा. तिचं काम योकोसुकाला सुरू झालं मे १९०५ मध्ये, म्हणजे त्सुशिमाच्या लढाईच्याच महिन्यात, आणि तिच्यासाठीही बराच माल ब्रिटनमधून आणावा लागला.

‘ओरखडाही नाही’ हे तर सर्वांत चुकीचं, आणि त्या नौकेवर लढलेल्यांवर अन्याय करणारं. मिकासाचं चिलखत उत्तम होतं यात वाद नाही. तिच्या आधीच्या जपानी बॅटलशिपना हार्वे पद्धतीचं पोलाद होतं, हिला त्याहून कठीण क्रुप पोलाद मिळालं; बाजूंचा मुख्य चिलखती पट्टा ९ इंच जाडीचा. पण चिलखत म्हणजे गोळे लागतच नाहीत असं नव्हे. ऑगस्ट १९०४ मध्ये पीत समुद्रातल्या लढाईत तिला सुमारे २० गोळे लागले. त्सुशिमाला जपानी ताफ्याचे सेनापती अ‍ॅडमिरल तोगो यांनी शत्रूसमोरच ताफा वळवला. मिकासा रांगेत सर्वांत पुढे, त्यामुळे पहिला मारा तिच्यावरच आला. दिवसअखेर ४० च्या आसपास गोळे लागले होते आणि शंभरावर माणसं मृत किंवा जखमी होती. त्यातच पुढच्या बुरुजातली एक १२ इंची तोफ तिच्याच गोळ्याचा नळीत अकाली स्फोट होऊन निकामी झाली. तोगो स्वतः चिलखती खोलीत न जाता नौका चालवण्याच्या उघड्या मंचावरच (ब्रिजवर) उभे राहिले. त्याआधी कोरियाच्या चिन्हे उपसागरात तोफखान्याने कसून सराव केला होता. विजयाचं श्रेय शोधायचं तर तिथे शोधावं, अभेद्य पोलादात नव्हे.

पाणसुरुंगाचा मुद्दा बहुधा गल्लतीतून आला असावा. मे १९०४ मध्ये पोर्ट आर्थर या रशियन नाविक तळाजवळ एकाच दिवशी हात्सुसे आणि याशिमा या दोन बॅटलशिप सुरुंगांमुळे गेल्या. मिकासा बुडाली ती सप्टेंबर १९०५ मध्ये, युद्ध संपवणारा पोर्ट्समथचा तह झाल्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जपानच्याच सासेबो बंदरात नांगरलेली असताना. आग लागली, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि अडीचशेहून अधिक खलाशी गेले. त्सुशिमाच्या लढाईत अख्ख्या जपानी ताफ्याची माणसं गेली त्याहून हा आकडा मोठा आहे. लढाईतून वाचलेल्यांचा असा शेवट झाला, आणि त्यांचा उल्लेखही या मजकुरात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. १९०६ मध्ये नौका वर काढली, दुरुस्त केली आणि १९०८ मध्ये ती पुन्हा सेवेत आली.

राहिली ‘प्रतिकृती’. देशांच्या युद्धनौकांवर मर्यादा घालणाऱ्या वॉशिंग्टन नौदल करारामुळे तिला सेवेतून काढावं लागलं. मोडीत न काढता तिचा तळ काँक्रीटमध्ये बसवून १९२६ मध्ये स्मारक करण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोफा आणि वरचं बांधकाम काढून टाकलं, डेकवर मत्स्यालय आणि नृत्यगृह झालं. पुढे तिच्या जीर्णोद्धाराला अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनीही पाठिंबा दिला आणि १९६१ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आजच्या तोफा आणि वरचा बराच भाग नव्याने केलेला आहे. सांगाडा मात्र बॅरोचाच, आणि बॅटलशिपची रचनाच बदलून टाकणाऱ्या ‘ड्रेडनॉट’ या ब्रिटिश नौकेच्या आधीच्या पिढीतली जगात उरलेली ती एकमेव बॅटलशिप आहे.