‘वारंवार उलटी म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी, उपाय लसूण’: कुत्र्यांच्या त्या मेसेजला उत्तर

मावशीने सांगलीहून फोन करून सांगितलं की शेरूची पोळी बंद केली आहे, आणि ‘आतून साफ व्हावं’ म्हणून त्याला रोज लसूण चालू केलाय. शेरू सात वर्षांचा लॅब्राडॉर. काही महिने अधूनमधून उलट्या करतो, बहुतेक पहाटे. हा उपाय कुठून आला असं विचारलं तर तिने तो मेसेज पाठवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय तोच.

मेसेज म्हणतो ते थोडक्यात असं. कुत्र्याला वारंवार उलटी होते ती अन्नाच्या अ‍ॅलर्जीमुळेच, आणि अ‍ॅलर्जी गव्हाचीच असते. म्हणून पोळी बंद करून दूध आणि उकडलेलं चिकन द्या. रोज लसणाच्या दोन पाकळ्या आणि चमचाभर कांद्याचा रस दिला की जंत मरतात आणि अ‍ॅलर्जी मुळापासून जाते. दर आठवड्याला खाणं बदला. केस पाठवून अ‍ॅलर्जीची चाचणी घरबसल्या करून घ्या. पोट दुखत असेल तर घरातली वेदनाशामक गोळी अर्धी करून द्या. डॉक्टर नुसतं सलाईन लावून पैसे उकळतात.

आधी लसूण-कांदा, कारण यातून जीव जाऊ शकतो. कांदा, लसूण, पातीचा कांदा या सगळ्यांत गंधकाची संयुगं असतात. कुत्र्याच्या तांबड्या पेशींना ती सोसत नाहीत. पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडून त्याच्या गुठळ्या होतात आणि शरीर त्या पेशी मोडून टाकतं. कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. शिजवून किंवा वाळवून हा दोष जात नाही, त्यामुळे ‘कच्चा नाही, फोडणीतला दिला’ ही सबब चालत नाही.

जपानच्या होक्काइडो विद्यापीठातला २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क दिला, दर किलो वजनामागे पाच ग्रॅम लसणाएवढा. त्यांच्या तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन घटलं, आणि सर्वांत खाली गेलं ते नवव्या ते अकराव्या दिवसादरम्यान, म्हणजे लसूण बंद झाल्यानंतर. ‘आम्ही दिला, काहीच झालं नाही’ असं तिसऱ्या दिवशी सांगणाऱ्याने हे वाचावं. आता हेही मान्य करते की तो डोस मोठा होता. तीस किलोच्या लॅब्राडॉरला दोन पाकळ्या म्हणजे त्याच्या जवळपासही नाही, आणि त्या प्रयोगातल्या कुत्र्यांना पेशी फुटून होणारा पंडुरोग (रक्तक्षय) प्रत्यक्ष झाला नव्हता. पण मेसेजमध्ये कुत्र्याचं वजन आहे कुठे? तीन किलोच्या पॉमेरियनला तेवढंच, तीस किलोच्या लॅबलाही तेवढंच, वर कांद्याचा रस, आणि किती दिवस द्यायचं त्याचा पत्ता नाही.

शिवाय आपल्याकडे गोचीड ताप आहे, म्हणजे गोचीड चावल्याने होणारे बेबेसिया, एर्लिकियासारखे संसर्ग. बेबेसियाचे जंतू तांबड्या पेशीच फोडतात, एर्लिकियानेही रक्त कमी होतं, आणि दोन्हींत कुत्रा खाणं सोडतो, कधी उलट्याही करतो. अशा कुत्र्याचं रक्त आधीच उतरलेलं असताना त्याला लसूण-कांदा भरवणं म्हणजे उरलेल्या पेशींवरही घाव घालणं. आणि लसणाने पोटाचं अस्तर चाळवतं, त्यामुळे उलटी थांबण्याऐवजी वाढते. मग घरातले म्हणतात, बघा, घाण बाहेर पडतेय.

जंतांसाठी लसणाचा उपयोग सिद्ध झालेला नाही. जंतांची औषधं वजनावर मोजून देतात, शी तपासली तर बऱ्याचदा कोणते जंत आहेत तेही कळतं, आणि औषध लसणीच्या चटणीपेक्षा फार महाग पडत नाही.

आता गहू. २०१६ साली म्युलर, ऑलिव्हरी आणि प्रेलो या तिघा पशुवैद्यकीय संशोधकांनी तोवरच्या नोंदी एकत्र करून ‘बीएमसी व्हेटरनरी रिसर्च’ या नियतकालिकात मांडल्या. अन्नाची बाधा नक्की ठरलेले २९७ कुत्रे होते. कशाची बाधा? गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५, गहू १३, मेंढीचं मांस ५. काही कुत्र्यांना एकाहून जास्त गोष्टी बाधत होत्या. म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी असते, मेसेजमधलं एवढं अर्धं खरं आहे. पण ज्या दोन गोष्टी पोळीऐवजी द्यायला सांगितल्या आहेत, दूध आणि चिकन, त्या दोन्ही या यादीत गव्हाच्या वर आहेत! हे लिहिणाऱ्याने एकदाही तपासून पाहिलं नाही, आणि हजारो लोकांनी ते पुढे ढकललं.

ही यादी बहुतांशी त्वचेच्या तक्रारी असलेल्या कुत्र्यांची आणि परदेशातली आहे, हे लक्षात ठेवायला हवं. कुत्र्याला बाधतं ते त्याने आजवर सतत खाल्लेलं. तिकडे गोमांस जास्त खाल्लं जातं म्हणून ते वर. आपल्याकडचे बरेचसे पाळीव कुत्रे दूध-पोळी आणि चिकन-भातावर वाढतात, तेव्हा आपल्याकडे आधी संशय घ्यायचा तो चिकन आणि दुधावर. दुधाने होणारा त्रास तर पुष्कळदा अ‍ॅलर्जी नसतोच. वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, इतकंच. आणि ‘धान्य कुत्र्याचं अन्नच नाही’ हे नेहमी ऐकू येणारं वाक्य २०१३ सालीच निकालात निघालंय. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे तेव्हा ‘नेचर’मध्ये छापून आलं.

मला सर्वांत चीड येते ती ‘अ‍ॅलर्जीमुळेच’ मधल्या ‘च’ची. वारंवार उलटीची कारणं मोजायला बसलं तर जंत, गिळलेला मोजा किंवा हाड, स्वादुपिंडाची सूज, मूत्रपिंडं किंवा यकृत बिघडणं, अ‍ॅडिसनचा आजार (मूत्रपिंडांजवळच्या ग्रंथींची संप्रेरकं कमी पडणं), आतड्याची जुनी सूज, गोचीड ताप, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा संसर्ग), आणि कचऱ्यातून काहीबाही खाणं, इतकी निघतात. अन्नाची बाधा ही यातलं बरंचसं तपासून बाजूला सारल्यावर पाहायची गोष्ट. तिच्यात अनेकदा अंगाला खाज, पंजे चाटणं, पुन्हापुन्हा कान वाहणं हेही दिसतं. शेरूला यातलं काही नाही. त्याची उलटी पिवळी, फेसाळ, रिकाम्या पोटी. संध्याकाळी सातला जेवण आणि मग थेट सकाळी दहाला. अशा कुत्र्यात रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पोटात पित्त येऊन उलटी होते, आणि झोपण्याआधी थोडं खायला दिल्याने बऱ्याच जणांची थांबते. डॉक्टरांनी मावशीला तेच सुचवलं, आणि शेरूचं वय बघून रक्त तपासायला घेतलं.

घरच्यांनी करायचं काम वेगळं आहे, आणि ते त्यांच्याशिवाय कुणी करू शकत नाही. उलटीचा फोटो काढा, वेळ लिहा, आधी काय खाल्लं ते लिहा. पोट आत ओढून, उबळ येऊन बाहेर पडलं, की खाल्ल्यावर लगेच, काही जोर न लावता, न पचलेलं घरंगळून बाहेर आलं, हे नीट बघा. दुसऱ्या प्रकारात दोष अन्ननलिकेत असू शकतो आणि तपासण्या वेगळ्या लागतात.

अ‍ॅलर्जीचा संशय उरलाच तर दर आठवड्याला खाणं बदलणं हा तो शोधण्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे. त्यातून काही कळत नाही, उलट पोट आणखी बिघडतं. खरी पद्धत याच्या अगदी विरुद्ध. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड खाद्य (ज्यातल्या प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात), आणि त्याशिवाय काहीही नाही. पोटाच्या तक्रारीत दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो, त्वचेसाठी आठ आठवडे धरतात. बरं वाटल्यावर जुनं खाणं पुन्हा देऊन पाहायचं. त्रास परतला तरच बाधा ठरली. जन्मभर चिकन खाल्लेल्या कुत्र्याला मासा चालेल, पण कोकणातल्या घरात रोज बांगड्याचं डोकं खाणाऱ्याला मासा नवा कसा म्हणणार? हा प्रयोग फसतो तो घरातल्याच माणसांमुळे. आजोबांचं चहात बुडवलेलं बिस्कीट, नातवाच्या ताटातून पडलेला घास, चिकनच्या चवीची जंताची गोळी. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हटलं की सगळे आठवडे पाण्यात.

केसांच्या चाचणीवर एकच वाक्य पुरे: २०१९ साली केस आणि लाळेच्या अशा चाचणीला खऱ्या कुत्र्यांबरोबर कृत्रिम केसांचे नमुने पाठवले गेले, आणि खोट्या नमुन्यांनाही अ‍ॅलर्जी निघाली.

वेदनाशामक गोळी मात्र अर्धी काय, पावही देऊ नका. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जातात, पॅरासिटामॉल यकृतावर येतं. माणसांची काही उलटीची औषधं डॉक्टर कुत्र्यांनाही देतात, हे खरं. पण ती तपासून, वजन बघून. आतड्यात हाड अडकलेलं असताना उलटी दाबली तर मौल्यवान वेळ जातो.

सलाईनबद्दल म्हणाल तर चांगले-वाईट डॉक्टर सगळीकडे असतात. नुसतं सलाईन लावून, काही न विचारता घरी पाठवणारा भेटला तर दुसऱ्याकडे जा, मोबाइलमधल्या अनोळखी माणसाकडे नको.

आणि पुढचं काही दिसलं तर नोंदवही बाजूला ठेवून लगेच निघा: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, दिवसभर पाणीही न टिकणं, पांढऱ्या हिरड्या, पिल्लाला उलटीबरोबर रक्ताचे जुलाब. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलंय, उबळ येतेय पण बाहेर काहीच पडत नाही, असं असेल तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे हातात काही तासच असतात, आणि रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा तो डॉक्टरांना.